अमेरिकेचे अध्यक्ष अभ्यासताना : अंतर्गत आणि परराष्ट्र धोरणाचे रकाने जमत नाहीयेत

पानगळ

नमस्कार मंडळी. एम.ए.ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरचा पेपर घेतलाय. ट्रुमनपासून रेगनपर्यंतचा काळ. प्रश्न ठरलेला असतो : अमक्या अध्यक्षाच्या अंतर्गत आणि परराष्ट्र धोरणाचं मूल्यमापन करा. म्हणून मी एक भलामोठा तक्ता आखला. ओळीत अध्यक्ष, डाव्या रकान्यात अंतर्गत धोरण, उजव्यात परराष्ट्र.

ट्रुमनपर्यंत सुरळीत चाललं. डावीकडे फेअर डील (ट्रुमनचा समाजकल्याणाचा कार्यक्रम), उजवीकडे मार्शल योजना (महायुद्धानंतर युरोपला मदत), नाटो, कोरियाचं युद्ध. आयझेनहॉवरपाशी गाडी अडली. १९५६ चा महामार्ग कायदा डावीकडे लिहिला, मग कळलं की त्या रस्त्यांच्या अधिकृत नावातच 'संरक्षण' आहे. १९५८ चा शिक्षण कायदा शाळा-कॉलेजांसाठी, पण आला स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाच्या धक्क्यातून, आणि त्याच्याही नावात 'राष्ट्रीय संरक्षण'. निक्सनने १५ ऑगस्ट १९७१ ला डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, ते कुठे घालू? तक्त्यावर आता मजकूर कमी आणि बाण जास्त झालेत.

जॉन्सनचं तर विचारूच नका. 'देशात थोर, व्हिएतनाममध्ये फसला' हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की पाठ झालंय. पण त्यातून मला काहीच उलगडत नाही. माणूस एक, कचेरी एक, वर्षं तीच.

तर विचारायचं असं, की रकाने ठेवू की मोडू? मूळ कागदपत्रं वाचायची झाली तर सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगा, एखादा अध्यक्ष गाळला तर चालतो का?

तिरकस

परीक्षेपुरतं हवं असेल तर सोपं आहे. अध्यक्षांचे सिद्धांत, म्हणजे परराष्ट्र धोरणाच्या जाहीर भूमिका, पाठ करा : ट्रुमन १९४७, आयझेनहॉवर १९५७, निक्सन १९६९ (ग्वाम बेटावर बोलला तो), कार्टर १९८०. प्रत्येकाखाली दोन-तीन कायदे आणि एक घोटाळा. फोर्ड गाळा, कुणी विचारत नाही. तक्ता फ्रेम करून भिंतीवर लावा.

मधली सुट्टी

फोर्ड गाळा म्हणणाऱ्यांनी युरोपातल्या सीमा आणि मानवी हक्कांवरचा हेलसिंकी करार (१ ऑगस्ट १९७५) विसरू नये. आणि अडीच वर्षांत ६६ वेळा नकाराधिकार वापरणारा माणूस अंतर्गत धोरणात 'काहीच केलं नाही' या सदरात कसा बसतो?

बाकी जमाखर्च यांनी या धाग्यावर यावं. हा त्यांचा प्रांत आहे.

जमाखर्च

आलो.

पानगळताई, आधी एक सांगून टाकतो. मी राज्यशास्त्राचा नाही. नोकरी सगळी लेखापरीक्षणात गेली आणि अमेरिकेच्या अध्यक्षांचा नाद निवृत्तीनंतर लागला. त्यामुळे मी वाचतो ते ऑडिटवाल्याच्या खोडीने. भाषण बाजूला ठेवायचं. मंजुरी कुणी दिली, रक्कम कुठल्या हेडखाली पडली आणि कागदावर तारीख कोणती, एवढं बघायचं. प्राध्यापक मंडळींना ही पद्धत कोती वाटेल. वाटू दे.

तुमचे रकाने मोडा. एक अध्यक्ष घ्या आणि त्याचा एकच आठवडा घ्या. चार वर्षांचा कारभार एका उत्तरात कोंबण्यापेक्षा एक आठवडा नीट उघडला तर तुम्हाला अडलेलं सगळं त्यात सापडतं.

जॉन्सनचा आठवडा मी सांगतो : जुलै १९६५ चा शेवटचा.

मंगळवार, २७ जुलै. वृद्धांच्या आरोग्यविम्याचं, म्हणजे मेडिकेअरचं अंतिम विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. बुधवारी, २८ तारखेला, सिनेटने ७० विरुद्ध २४ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आणि त्याच बुधवारी दुपारी जॉन्सन पत्रकारांसमोर आले. व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजारांवर नेतोय, सक्तीच्या भरतीचा आकडा महिना १७ हजारांवरून ३५ हजारांवर जाईल, पुढे आणखी सैन्य लागलं तर पाठवू, असं त्यांनी सांगितलं. राखीव दलं मात्र तूर्त बोलावणार नाही.

आता याच पत्रकार परिषदेत आणखी काय झालं ते बघा. एब फोर्टस यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमत असल्याची घोषणा, आणि 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे संचालक म्हणून पत्रकार जॉन चान्सलर यांचं नाव. युद्ध वाढवण्याचा निर्णय, न्यायमूर्तीची नेमणूक आणि रेडिओचा साहेब, तिन्ही एका बैठकीत. तेही दुपारी. देश संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो तेव्हाची राष्ट्राला उद्देशून भाषणाची वेळ घेतलीच नाही. मी आयुष्यभर असे कागद पाहिले आहेत, ज्यात मोठी रक्कम किरकोळ बाबींच्या मधोमध ठेवलेली असते. हात आपोआप तिथे थांबतो.

पुढे शुक्रवारी, ३० जुलैला, जॉन्सन मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी गेले आणि ८१ वर्षांच्या ट्रुमन यांच्या शेजारी बसून मेडिकेअरवर सही केली. पहिलं कार्ड ट्रुमननाच दिलं. त्यानंतर आठवड्याभरात, ६ ऑगस्टला, मतदान हक्क कायद्यावर सही झाली. बुधवारची घोषणा झाली तेव्हा हे विधेयक अजून काँग्रेसमध्येच, म्हणजे अमेरिकी संसदेतच, होतं.

तुमच्या तक्त्यात यातलं निम्मं डावीकडे गेलं असतं आणि निम्मं उजवीकडे. मधला धागा मग कुठे दिसणार?

धागा असा. संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी जुलैमध्ये राखीव दलं बोलवायची शिफारस केली होती, करवाढीचा विषयही काढला होता. दोन्ही केलं असतं तर युद्धाची खरी किंमत काँग्रेससमोर उघडी पडली असती. मग दक्षिणेकडचे सनातनी डेमोक्रॅट आणि काटकसरवाले रिपब्लिकन म्हणाले असते, की युद्ध आहे ना, मग गरिबी हटवण्याचे कार्यक्रम ठेवा बाजूला. जॉन्सन यांनी स्वतः २४ वर्षं काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत काढली होती. ही माणसं कशी मोजतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून युद्ध हप्त्याहप्त्याने वाढवायचं आणि हप्ता नेहमी लहान दाखवायचा. त्या दुपारी १ लाख २५ हजार सांगितले, पण वर्षअखेरपर्यंत पावणेदोन लाखांच्या पुढे जायचं हे आतल्या गोटात ठरलेलं होतं. डिसेंबर संपता संपता आकडा १ लाख ८४ हजारांच्या घरात होता.

'देशात थोर, बाहेर फसला' हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. देशातली कामं वाचवायची म्हणून बाहेरचा हिशेब दडवला गेला, आणि दडवलेला हिशेब पुढे देशातल्या कामांवरच उलटला. तोही तारखेनिशी दाखवता येतो. ऑगस्ट १९६७ मध्ये जॉन्सन यांना शेवटी १० टक्के आयकर अधिभार मागावा लागला. अर्थविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स आर्कान्सॉचे, जॉन्सन यांच्याच पक्षाचे. त्यांनी विधेयक दाबून धरलं : आधी खर्च कापा, मग कर. कायदा व्हायला जून १९६८ उजाडला आणि त्यासोबत ६ अब्ज डॉलरची खर्चकपात गळ्यात पडली. त्या आर्थिक वर्षाची तूट २५ अब्ज होती. युद्ध कोणत्या देशात चाललंय हे मिल्ससाहेबांना ठाऊक होतं, पण त्यांनी हात घातला तो घरच्या खर्चाला.

आता मंजुरीबद्दल, कारण हा माझा आवडता कागद. व्हिएतनामची मंजुरी म्हटलं की सगळे टॉन्किनच्या आखाताचा ठराव सांगतात : ७ ऑगस्ट १९६४, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, विरोधात फक्त मोर्स आणि ग्रुनिंग. बरोबर आहे. पण त्याच्या शेजारी ४ मे १९६५ चा कागद ठेवा. जॉन्सन यांनी ७० कोटी डॉलरची पुरवणी मागणी पाठवली. लष्कराकडे पैसे नव्हते असं नाही. सोबतच्या संदेशात त्यांनी स्वतःच बजावलं की ही नेहमीची मागणी समजू नका. जो मत देईल तो व्हिएतनाममध्ये टिकून राहण्यासाठी मत देतोय. दोन दिवसांत मागणी मंजूर : प्रतिनिधिगृहात ४०८ विरुद्ध ७, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध ३. रक्कम क्षुल्लक, पण तिच्यावर सही घेऊन ठेवली. पुढे कुणी 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणालं तर दाखवायला. इतकी पक्की पावती मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

आणि एक ऐकायची गोष्ट. जॉन्सन फोनवरचं बोलणं टेप करायचे. त्या टेपा १९९० च्या दशकात खुल्या व्हायला लागल्या. २७ मे १९६४ ची सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याबरोबरची टेप ऐकाच. रसेल सिनेटच्या सशस्त्र दल समितीचे अध्यक्ष, जॉर्जियाचे, आणि एके काळी जॉन्सन यांना सिनेटमध्ये हात देऊन वर आणणारे. व्हिएतनाममधून बाहेर पडावं तर अध्यक्षावर महाभियोग आणतील आणि आत शिरावं तर कोरियासारखं अडकायला होईल, अशी दोघांची घालमेल त्यात ऐकू येते. रसेल यांनाही मार्ग दिसत नाही. पण तारीख बघा. त्याच दिवसांत सिनेटमध्ये नागरी हक्क विधेयक अडवायला दक्षिणेकडच्या सिनेटरांनी भाषणांची रांग लावली होती, आणि त्या रांगेचा म्होरक्या म्हणजे हेच रसेल! ती रांग १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी मोडली. म्हणजे मे महिन्यात जॉन्सन एका हाताने रसेलना हरवायच्या तयारीत होते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्याच खांद्याचा आधार घेत होते. हा प्रसंग कुठल्या रकान्यात लिहाल?

आयझेनहॉवरचं थोडक्यात. महामार्गांच्या नावात 'संरक्षण' आहे हे खरं, आणि १९१९ साली तरुण अधिकारी असताना लष्करी ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना रस्त्यांनी त्यांचे हाल केले होते, हेही खरं. पण रक्कम बघा. केंद्राचा वाटा ९० टक्के, आणि तो उभा केला मुख्यतः पेट्रोलवरचा कर गॅलनमागे २ सेंटवरून ३ सेंट करून. संरक्षण खात्याच्या तिजोरीला हात लागला नाही. तेव्हा नाव उजवीकडचं, पैसा डावीकडचा. दर पाच मैलांत एक मैल रस्ता विमान उतरायला सरळ ठेवलाय वगैरे जे फिरतं ती निव्वळ लोणकढी थाप आहे. उत्तरात लिहू नका.

शिक्षण कायद्याचं उलट. मुलांना गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवायला केंद्राने पैसा द्यावा ही मागणी जुनी होती, पण शिक्षण हा राज्यांचा प्रांत म्हणून अडत होती. स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला उडाला आणि वर्षाच्या आत तीच मागणी 'संरक्षण' हे बिरुद लावून पास झाली. काम जुनंच, हेड बदललं. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

वाचायचं कुठून? क्रम असा ठेवा. अध्यक्षाची दैनंदिनी, म्हणजे कुणाला किती वाजता भेटले त्याची नोंद. ती त्या त्या अध्यक्षांच्या ग्रंथालयांनी जालावर ठेवली आहे. मग त्याच तारखेची भाषणं आणि पत्रकार परिषदा. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात तारखेने शोधता येतात. टेपा व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरकडे. आणि परराष्ट्र खात्याचे 'फॉरेन रिलेशन्स'चे खंड, जे लिंकनच्या काळापासून, १८६१ पासून निघताहेत. ते सलग वाचायला जाऊ नका, बुडाल. तारीख हातात घेऊनच आत शिरा.

उंबरठा

जमाखर्च, लेख झाला हा, प्रतिसाद नाही. आवडला. पण एक आक्षेप नोंदवतो.

अभ्यासक्रमात राज्यशास्त्रज्ञ विल्डाव्स्की यांची १९६६ ची मांडणी असतेच : अमेरिकेत जणू दोन अध्यक्षपदं आहेत. देशातल्या कामांत काँग्रेस त्याला नाचवते, परराष्ट्र आणि संरक्षणात मात्र तो म्हणेल ते होतं. हे मान्य केलं तर दोन रकाने चुकीचे कसे? ते सत्तेच्या दोन वेगळ्या मापांचे रकाने आहेत. एका आठवड्याच्या गोष्टीत माणूस छान दिसतो, पण पदाची रचना दिसत नाही. पानगळ यांना मूल्यमापन लिहायचंय, कथा नाही.

जमाखर्च

आक्षेप रास्त. पण मांडणीचं साल बघा : १९६६. दुसऱ्या महायुद्धापासून तोवर काँग्रेसने परराष्ट्र कारभारात फार हात आखडले नव्हते, तेव्हा ते निरीक्षण त्या काळाला बरं बसतं. पुढची नोंद मात्र वेगळं सांगते.

नोव्हेंबर १९७३, निक्सनचा नकाराधिकार मोडून युद्धाधिकार ठराव, म्हणजे अध्यक्षाच्या युद्ध छेडण्याच्या सत्तेला लगाम. १९७४ च्या व्यापार कायद्यात जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती : सोव्हिएत संघ ज्यूंना देश सोडू देत नाही तोवर व्यापारी सवलत नाही. परराष्ट्रमंत्री किसिंजर हात चोळत बसले. १९७८ मध्ये पनामा कालव्याचे दोन्ही तह सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने पास झाले, लागत होती ६७. एका मताची चैन! त्या एकेका मतासाठी कार्टर यांना ॲरिझोनाच्या डीकॉन्सिनींसारख्या पहिल्यांदाच निवडून आलेल्या सिनेटरची मनधरणी करावी लागली आणि तहाला त्यांची अट जोडून घ्यावी लागली. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाबरोबरच्या सॉल्ट-२ या अण्वस्त्र-मर्यादेच्या करारावर सही केली, तो तर सिनेटमध्ये मताला आलाच नाही. परराष्ट्र धोरणात अध्यक्ष म्हणेल ते होतं, हे कार्टर यांना कुणी सांगायला हवं होतं.

आणि १९६६ च्या आधीचंही एक उदाहरण असं आहे, जिथे दोन मापं एकाच खटल्यात भिडली. एप्रिल १९५२. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर. वाद शुद्ध घरचा : मजुरी किती वाढवायची आणि कंपन्यांना पोलादाचा भाव किती वाढवू द्यायचा. ट्रुमननी ८ एप्रिलला आदेश काढून गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. कारण काय दिलं? आघाडीवरच्या जवानांना दारूगोळा कमी पडेल. सेनापती या नात्याने मला अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जूनला ६ विरुद्ध ३ ने सांगितलं, नाही. परदेशातल्या युद्धाचं कारण दाखवून घरातला कारखाना ताब्यात घेता येणार नाही, काँग्रेसने तसा अधिकार दिलेला नाही.

त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचं सहमतीचं वेगळं मत आहे. त्यांनी अध्यक्षाच्या सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या : काँग्रेस सोबत असेल तेव्हा सत्ता सर्वाधिक, काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर, काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध असेल तेव्हा सर्वांत क्षीण. उंबरठा, तुम्हाला रचना हवी आहे ना? ही घ्या. यात अंतर्गत आणि परराष्ट्र असा भेद पायाला नाहीच, काँग्रेस कुठे उभी आहे हा आहे. पानगळताईंनी तक्ता करायचाच असेल तर या तीन रकान्यांचा करावा. जॉन्सन १९६५ मध्ये पहिल्या रकान्यात आहेत, दोन्ही आघाड्यांवर. निक्सन १९७३ मध्ये तिसऱ्यात.

उंबरठा

तीन रकान्यांची कल्पना उचलतो. ट्रुमनबद्दल मात्र एवढं म्हणेन, की कोरियात सैन्य पाठवताना त्यांनी काँग्रेसचं मत घेतलंच नव्हतं आणि तिथे त्यांना कुणी अडवलं नाही. अडवलं ते पोलादापाशी. विल्डाव्स्की पूर्ण निकालात निघत नाहीत.

जमाखर्च

मान्य. तेवढी जागा त्यांना सोडू.

मधली सुट्टी

पी.एल. ४८० चं कुणी काढलं नाही म्हणून मी काढते. हा कायदा आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ ला सही केला. आपण तो गव्हाच्या मदतीचा कायदा म्हणून ओळखतो, पण त्याचं इंग्रजी नाव सुरूच होतं 'शेतमाल व्यापार' या शब्दांनी. अमेरिकी सरकार शेतकऱ्यांना हमीभाव देत होतं, त्यामुळे धान्य सरकारी कोठारांत साठत होतं, साठवणुकीवर पैसा जात होता. ते धान्य डॉलर नसलेल्या देशांना त्यांच्याच चलनात विकायची ही सोय होती. कॅन्सस-नेब्रास्काच्या शेतकऱ्यांची अडचण आधी, भुकेल्यांची नंतर. १९६१ मध्ये केनेडी यांनी त्याला 'शांततेसाठी अन्न' असं गोंडस रूप दिलं.

जॉन्सन यांच्या काळात भारताला गहू द्यायचा तो थोडा थोडा, महिन्यामहिन्याच्या बोलीवर. त्याचं एकच कारण सांगितलं जातं, की भारताने व्हिएतनामवर टीका केली म्हणून त्यांनी सूड उगवला. राग होताच. पण कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांचे कागद पाहिले तर दुसरी गोष्टही दिसते. अमेरिकेची स्वतःची गव्हाची कोठारं तोवर झपाट्याने उतरली होती, आणि भारताने शेतीत गुंतवणूक वाढवावी ही अट होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये फ्रीमन आणि आपले सी. सुब्रमण्यम रोममध्ये भेटले आणि ती बोली तिथे ठरली. आणि ३० मार्च १९६६ ला जॉन्सन यांनी भारताच्या मदतीसाठी खास संदेश काँग्रेसला पाठवून ठराव मागितला. एकट्याच्या अधिकारात देऊ शकत होते, तरी सही घेतली. जमाखर्च यांच्या ७० कोटींच्या पावतीसारखंच नाही का हे?

जमाखर्च

अगदी तंतोतंत तोच हात. शाबास.

तिरकस

मी चार सिद्धांत पाठ करायला सांगितले होते. इथे गिरण्या, गहू आणि पेट्रोलचा कर चाललाय. निक्सनचं सोनं कुणी सोडवणार आहे की नाही?

जमाखर्च

तेही आठवडा-पद्धतीनेच सोडवा. १३ ते १५ ऑगस्ट १९७१, कॅम्प डेव्हिड. निक्सन, अर्थमंत्री कॉनली, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे बर्न्स आणि इतर काही जण. रविवारी रात्रीच्या भाषणात तीन गोष्टी एकत्र बांधून दिल्या : सोन्याची खिडकी बंद, आयातीवर १० टक्के अधिभार, आणि देशातल्या सगळ्या किमती नि पगार ९० दिवस गोठवले. पहिल्या दोहोंचा दणका जपान आणि युरोपला, तिसरी घरच्या मतदाराला. बेकारी ६ टक्क्यांच्या आसपास आणि पुढच्या वर्षी निवडणूक. बरोबर महिन्यापूर्वी, १५ जुलैला, चीनला जाणार असल्याचं जाहीर केलेलं. जपानला दोन्ही वेळा आगाऊ चाहूल दिली नाही. तिथे आजही या दोहोंना मिळून 'निक्सनचे धक्के' म्हणतात. बैठकीला परराष्ट्रमंत्री रॉजर्स नव्हते आणि तेव्हा सुरक्षा सल्लागार असलेले किसिंजरही नव्हते. जगाची चलनव्यवस्था मोडली जात असताना परराष्ट्र खात्याची खुर्चीच नाही, यावरून निक्सन या निर्णयाला काय समजत होते ते कळतं. खोलीत कोण नव्हतं हेही बघत चला.

पानगळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. तक्ता फाडला नाही, पण मागच्या कोऱ्या बाजूवर जॅक्सन यांचे तीन रकाने आखलेत. जुलै १९६५ ची दैनंदिनी काल उघडली. २८ तारखेच्या पानावरून हलता येईना.

आता सरावासाठी मीच एक आठवडा निवडलाय, तुम्ही सांगा बरा आहे का. जानेवारी १९८०, कार्टर यांची सोव्हिएत संघावरची धान्यबंदी. ४ तारखेला रात्री भाषण, १ कोटी ७० लाख टन धान्य रोखलं, कारण अफगाणिस्तानातली सोव्हिएत घुसखोरी. आणि २१ तारखेला आयोवात पक्षाची पहिली निवडफेरी, तीही मका पिकवणाऱ्या राज्यात! पक्षातले प्रतिस्पर्धी टेड केनेडी बंदीच्या विरोधात उभे. तरी कार्टर यांना केनेडींच्या जवळपास दुप्पट पाठिंबा मिळाला. मला वाटलं होतं उलटं होईल. शेतकरी चिडले नाहीत का?

जमाखर्च

निवड उत्तम. लगेच फारसे चिडले नाहीत, कारण अडकलेलं धान्य सरकारने आपल्या अंगावर घेऊन भाव सावरायची हमी दिली होती. शिवाय तेहरानमध्ये अमेरिकी ओलीस होते, तेव्हा लोक अध्यक्षाच्या पाठीशी उभे होते. चीड नंतर साचली. सोव्हिएत संघाने अर्जेंटिनाकडून धान्य उचललं आणि इथला गिऱ्हाईक गेला तो गेलाच असं शेतकऱ्याला दिसायला लागलं. उपाध्यक्ष माँडेल यांनी आतल्या चर्चेत बंदीला विरोध केला होता; ते मिनेसोटाचे, त्यांना शिवार माहीत होतं.

पण हा आठवडा एकटा घेऊ नका, त्याला जोड द्या २४ एप्रिल १९८१ ची. त्या दिवशी रेगन यांनी बंदी उठवली. सोव्हिएत संघाविरुद्ध सर्वांत कडक बोलणारा अध्यक्ष, आणि त्यालाच गहू विकायला मोकळीक देतो, कारण प्रचारात शेतकऱ्यांना शब्द दिला होता. परराष्ट्रमंत्री हेग यांना इतक्यात उठवायची नव्हती, कृषिमंत्री ब्लॉक यांना तातडीने उठवायची होती. जाहीर निवेदनात रेगन शेतकऱ्यांवरच्या अन्यायाचं बोलतात. त्याच तारखेचं सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना स्वहस्ते लिहिलेलं पत्र आहे, ३० मार्चला स्वतःवर झालेल्या गोळीबारातून सावरत असताना लिहिलेलं. त्यात तीच बंदी उठवणं सदिच्छेची खूण म्हणून मांडलंय. दोन्ही कागद शेजारी ठेवा. आधी पत्र वाचा, निवेदन नंतर, आणि हेग यांचं म्हणणं काय होतं ते 'फॉरेन रिलेशन्स'च्या रेगन काळातल्या सोव्हिएत संघावरच्या पहिल्या खंडात शोधा. सापडलं की इथे टाका.